आदल्या संध्याकाळच्या नोंदी

सकाळी बेळगावच्या आमच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर लावला, तर डेटाबेस उघडेना. लॉग फाइलच जागेवर नव्हती. पेशंटची नोंद आधी या लॉगमध्ये लिहिली जाते, मुख्य फाइलीत मागाहून उतरते. म्हणजे आदल्या संध्याकाळी निपाणी-चिकोडीहून आलेल्या रक्ताच्या नोंदी धोक्यात होत्या. नळ्यांवर नुसते नंबर. कोणता नंबर कुणाचा हे त्या नोंदींतच. कॉम्प्युटरची जबाबदारी माझी, म्हणून नोकरीही धोक्यात.

उरलेल्या फाइलींची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर काढली, मग प्रोग्रामला नवी, कोरी लॉग फाइल बनवायला लावली. डेटाबेस उघडला. जुनं सगळं शाबूत होतं, संध्याकाळचं मात्र गेलं ते गेलंच.

डिस्क तुडुंब भरलेली दिसली. बघते तर आक्कांच्या मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ. आक्का म्हणजे नोंदणीच्या टेबलावरच्या माझ्या जुन्या सहकारी. मी घरी गेल्यावर त्यांनी माझ्या लॉगिनवरून तो चढवला होता आणि जागा पुरेना म्हणून प्रोग्राम बंद करून सगळ्यात मोठी फाइल उडवली होती. पासवर्ड मीच दिलेला. सासूबाई दवाखान्यात असताना माझं काम त्यांनीच सांभाळलं होतं.

लॅबच्या डॉक्टरांनी दोघींना बोलावलं. फाइल तुझ्या नावावर पुसलेली दिसते, मला म्हणाले. मी आक्कांकडे बघितलं. त्या सांगतील, याची मला खात्री होती.

"मला कुठलं कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या. "काल मशीनवर हीच बसलती की."

मी व्हिडिओ उघडून दाखवला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि आधी पेशंटना फोन करा, बाकीचं मग बघू, म्हणून आम्हाला बाहेर काढलं. बाहेर आल्यावर आक्कांनी माझा दंड धरला.

"लेकीचं लगीन हाय गं त्यात. तेवढं पुसू नगंस."

माझ्याबद्दल एक शब्द नाही.

पासवर्ड बदलला. रक्त गोळा करणाऱ्या सेंटरकडून पेशंटचे फोन नंबर मागवले; नळ्यांचे नंबर त्यांच्याकडेही नव्हते. पहिला निपाणीचा एक बाप निघाला. आजारी पोरीला परत सुई टोचायची म्हटल्यावर त्याने मला यथेच्छ झापलं. शेजारी बसून आक्का ऐकत होत्या. मी फोन त्यांच्यापुढे सरकवला.

"पुढचे तुम्ही लावा, आक्का. आणि फाइल कुणी पुसली तेही सांगा."


त्यांनी नंबर फिरवला. पलीकडून आवाज आल्यावर म्हणाल्या, लॅबमधल्या एका बाईंकडून चूक झाली. कोणत्या बाई, ते नाही सांगितलं.