बुधवारी शंभर

माझी वहिनी विजेचे मीटर तपासते. लोकांच्या घरातून काढून आणलेले मीटर तिच्या टेबलावर येतात. सील तोडून पुन्हा चिकटवलंय का, आत कुणी जास्तीची तार जोडलीय का, हे ती भिंगाखाली धरून बघते. सत्तावीस वर्षं हेच काम. अशा बाईला घरी आल्यावर संशय काढून खुंटीला अडकवता येत नाही, हे मी समजू शकते. पण दूधवाल्याचं माप, डॉक्टरची गोळी, शेजारणीचं हसू, सगळंच ती त्या भिंगातून बघते. ताप आला की दोन थर्मामीटर लावते. दोन्हींनी एकच आकडा दाखवला, तर दोन्ही एकाच दुकानातले म्हणून तिसरा मागवते. मी वाढवून सांगत नाही. तिसरा माझ्याच घरून गेला होता.

गेल्या वर्षी दादानं स्मार्टवॉच घेतलं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा. छापखान्यात मुद्रितं तपासतो, दर बुधवारी त्याची सुट्टी असते. छातीच्या ठोक्यांवर लक्ष ठेवा असं डॉक्टर म्हणाले, म्हणून घड्याळ आलं, आणि महिन्याच्या आत वहिनीनं त्याला आरोपी केलं. संध्याकाळी चार्जरवर ठेवलेलं घड्याळ सकाळी सहा वाजता ऐंशी टक्केच भरलेलं असायचं. वर पडद्यावर ओळ, ‘बॅटरी जास्त टिकावी म्हणून चार्जिंग थांबवले आहे.’ वहिनीच्या मते ही चोरानं स्वतःच लावलेली पाटी होती. कमी ताकदीची बॅटरी घालायची आणि वर काळजीचा आव आणायचा.

तिनं चार्जर बदलून पाहिला. मग प्लग बदलला, मग खोली. शेवटी प्लगमध्ये छोटं मीटर खोचून ती स्वतः समोर बसली. ऐंशीला पोचलं की घड्याळ आपणहून वीज घेणं थांबवत होतं. म्हणजे तार निर्दोष, प्लग निर्दोष. तिनं एक वही केली आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहू लागली. दादा बिचारा मनगट पुढे करायचा.

वही घेऊन ती दुकानात गेली. दुकानदारानं तिला खुर्ची दिली, हीच त्याची चूक. पाऊण तास त्याला उठता आलं नाही. त्याचं म्हणणं असं, की असली बॅटरी सतत काठोकाठ भरलेली राहिली की लवकर थकते. रोज तडस लागेपर्यंत जेवणाऱ्या माणसासारखंच ते. म्हणून घड्याळ ऐंशीवर हात आखडतं. पण उपाशीही ठेवत नाही. तुम्ही कधी किती वापरता यावर ते काही आठवडे लक्ष ठेवतं, आणि ज्या दिवशी जास्त वापर होणार असं त्याला वाटतं, त्या दिवसासाठी पूर्ण शंभर भरून ठेवतं. हे सगळं ते कुणाला सांगतं, असं वहिनीनं विचारलं. कुणालाच नाही, आतल्या आत ठेवतं, असं तो म्हणाला. तिला हे अजिबात आवडलं नाही. तोंड उघडत नाही त्याच्यावर तिचा जास्त संशय असतो.

घरी येऊन तिनं वही पुन्हा वाचली, आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. आठवड्यातले सहा दिवस ऐंशी. बुधवारी सकाळी मात्र शंभर. सलग पाच बुधवार. आणि त्याच बुधवारी संध्याकाळी बारा टक्के, नऊ टक्के, एकदा तर चार. बुधवारी दादा वाचनालयात जातो, निदान तिला तरी तसंच सांगतो. ती दिवसभर ऑफिसात असते. वाचनालयात बसलेल्या माणसाचं घड्याळ एवढं उपसलं कसं जातं?

इथं मला माझीही बाजू सांगायला हवी. दादा बुधवारी कुठं जातो, हे मला दीड वर्षापासून ठाऊक होतं. तो लेकीकडे जायचा. त्याची लेक, माझी भाची, आईशी तीन वर्षं बोललेली नव्हती. तिनं लग्न ठरवलं तेव्हा वहिनीनं होणाऱ्या जावयाची चौकशी केली. चौकशी सगळेच करतात. ही त्याच्या ऑफिसात गेली, त्याच्या साहेबाला त्याची पगाराची पावती दाखवून ही खरी आहे का असं विचारून आली. पावती खरी होती. महिनाभर त्या ऑफिसात त्याच्याकडे बघून सगळे हसत होते. भाचीनं आईला सांगितलं, माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही. मग त्यांनी घर बदललं, मुलगी झाली, आणि वहिनीनं नातीचा फोटोसुद्धा पाहिला नाही. मागितला असता तर मी दाखवला असता. मान ताठ ठेवून तिनं तो मागितला नाही. मलाही तिचा राग होता, म्हणून मीही मूग गिळून बसले.

त्या शनिवारी दुपारी मी पडदे शिवत बसले होते, आणि ती वही घेऊन आली. चहा नको म्हणाली. एरवी मला अगं-तुगं करणारी, आज ‘वन्सं, तुम्ही जरा इकडे बसा’ म्हणाली. तेव्हाच मी समजले. तिनं आकडे एकेक करून दाखवले. मी म्हटलं, फिरायला जात असेल, डॉक्टरांनी सांगितलंय ना. चोराच्या मनात चांदणं. शिलाईची टीप वाकडी गेली ती तिनं पाहिली.

“ह्यांचं कुणी आहे का?” तिनं विचारलं.

आवाज इतका बारीक होता, की मला आधी ती दुसऱ्या कुणाबद्दल बोलतेय असंच वाटलं. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची सीलं तपासणारी ही बाई माझ्या शिलाई मशीनपाशी वही छातीशी धरून उभी होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी तिला सगळं सांगितलं. दादा सकाळी दहाला जातो, चारला येतो. नातीचं नाव अजून कुणी नीट घेत नाही, सगळे टिंगीच म्हणतात. दोन वर्षांची आहे. आजोबा आले की आधी त्यांचं मनगट ओढते. घड्याळाचा दिवा लावते-विझवते, आत भरलेली गाणी पुन्हा पुन्हा लावते, पडद्यावरची मासोळी पळवते. दिवसभर तेच. म्हणून ते उपसलं जातं.

वहिनी खुर्चीत बसली. मला वाटलं, आता ती दादावर संतापेल, दीड वर्ष त्यानं ताकास तूर लागू दिली नाही म्हणून. माझ्यावरही संतापेल. तिनं फक्त विचारलं, मासोळीचा रंग कोणता. मी म्हटलं, मला काय माहीत. मग बराच वेळ ती पडद्याच्या कापडाची कड बोटांनी सरळ करत राहिली.

“तिला फोन लाव,” ती म्हणाली.

मी लावला, स्पीकरवर. भाचीला सांगितलं, तुझी आई इथं बसलीय, तिला सगळं कळलंय, तिला यायचंय. पलीकडे काहीतरी फरशीवर पडलं आणि मूल हसलं. वहिनीनं त्या आवाजाकडे असं बघितलं, जणू फोनमधून कुणी बाहेर येणार आहे.

“आत्या,” भाची म्हणाली, “तिला विचार, बघायला येणार आहे की तपासायला?”

मी वहिनीकडे पाहिलं. बघायला म्हणून टाक, असं मी डोळ्यांनी सांगत होते. एक साधी थाप, सगळे मारतात तशी. पण खोटं तिला दुसऱ्याचं चालत नाही, तसं स्वतःचंही चालत नाही.

“मला तपासायचीच सवय आहे गं,” वहिनी म्हणाली. “नुसतं बघणं जमेल का, सांगता येत नाही.”

पलीकडे टिंगी कुठलंसं गाणं म्हणत होती, शब्द नव्हते, नुसती चाल होती. मला वाटलं, आता फोन ठेवला जाणार.

“बुधवारी ये,” भाची म्हणाली. “पण एकटी ये. बाबांच्या मागं लपून नको.”

वहिनीनं मान हलवली, जणू लेकीला ती दिसत होती. लेकीच्या नवऱ्याची पगाराची पावती पडताळून आलेली ती बाई फोनवर वाकली आणि हळूच म्हणाली, “पत्ता काय गं तुझा?”