लेकीच्या चिठ्ठ्या कुठं गेल्या

मले कानानं नीट आयकू येत नाई, दहा वर्सं झाले; कानाशी येऊन मोठ्यानं बोललं तंच समजते. फोन माह्या कामाचा नाई. माही पोरगी नागपुरात दवाखान्यात नर्स हाये, ती मले कम्पुटरवर चिठ्ठी धाडे, मोठ्या मोठ्या अक्षरात. मी चौथी शिकलेली, बोट ठेवू ठेवू वाचो.

कम्पुटरची डाक यायचा डब्बा, सर्व्हर म्हणते त्याले, आमच्या सौंसरच्या घरातच हाये. पोरानं मांडला, लिनक्स का काय म्हणते त्याच्यावर चालते. म्हणे, आपली डाक आपल्या घरी येते, मधात कोणी वाचत नाई.

राखीले भावा-बहिणीचं वाजलं. आईचे डोळे डाक्टरले काऊन दाखोत नाई म्हणून पोरगी त्याले चार लोकात बोलली. तवापासून चिठ्ठ्या बंद. इचारलं तं पोरगा म्हणे, सर्व्हर बिघडला, बाहेरची डाक आत घेऊन नाई राहिला. तीन दिवस वायरी काढे, लावे. मी तिथंच चहा नेऊन दे. मंग म्हणे, दुरुस्त झालं, पण तिनं काई धाडलंच नाई.

मी मानलं.

आमच्यात लेक दिवाळीले आपल्या मनानं येत नाई, माहेरचं माणूस आणाले जा लागते. यंदा मी कोणालेच धाडलं नाई. म्हटलं, तिलेच नाई पायजे तं काऊन जबरदस्ती करा. तिच्या वाट्याच्या करंज्या शेजारी देल्या.

दिवाळीनंतर पोरगा छिंदवाड्याले गेलता. सुनेलेबी कम्पुटर येते. तिले म्हटलं, एकडाव पाह्य बरं. तिनं आपल्या मोबाईलवरून एक चिठ्ठी धाडली, लगेच आली. मंग तिनं डब्ब्यातून डाक आल्यागेल्याच्या नोंदी काढल्या. स्क्रीन माह्याकडं फिरवली. मी चष्मा लावला. लेकीचं नाव तं मले वाचता येते. एका खाली एक, दिवाळीच्या आदल्या दिवसापर्यंत.

सून कानाशी तोंड आणून बोलली, "आई, डाक येत होती. यायनंच, तुमच्या पोरानं, डब्ब्याले सांगून ठेवलं, ताईची आली का फेकून द्याची."

"आता वाचता येईन का?"

"नाई. आली, येवढंच लिहून हाये."

संध्याकाळी पोरगा वापस आल्यावर त्याले इचारलं. खोटं नाई बोलला. "ती तुले माह्याविरुद्ध भरवे," म्हणे. नवरा गेल्यावर संत्र्याच्या बगीच्यात मजुरी करू करू याले कम्पुटर शिकवला मी. जेवाले वाढलं.

आणाले भाऊ जाते, आई जात नाई. दुसऱ्या दिवशी मीच नागपूरच्या बसमध्ये बसली. लेकीच्या घरी गेली, सगळं सांगतलं, म्हटलं, चाल, तुले न्याले आली. ती लय वेळ रडली. मंग कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देलं, त्या घरी मी आता येत नाई.

मी वाचलं. कागदाची घडी केली, कमरेले खोवली. दुपारच्या बसनं एकटीच वापस आली.