पाऊक्वा म्हटलं की

त्या गुरुवारी मी दत्तगुरूंशी भांडूनच घरातून निघाले होते. गाडी चालवता चालवता स्पष्ट सांगून टाकलं, 'हे आजचं शेवटचं. यापुढे मी काही यांना भजनाला घेऊन यायची नाही.' शेजारच्या सीटवर हे शांत बसले होते. गेल्या हिवाळ्यात यांना स्ट्रोक आला आणि वाचा गेली. इथे इंग्लंडात, लेस्टरच्या हॉस्पिटलात ऑपरेशनआधी भूल देणारे डॉक्टर. 'घाबरू नका, मी आहे' असं जन्मभर पेशंटना सांगत आलेल्या माणसाला आता साधं पाणी मागता येईना. समजायचं सगळं, शब्द तेवढे येत नव्हते. मला काही त्यांचं भाषण ऐकायचं नव्हतं हो. पूर्वीसारखी 'अगं' अशी एक हाक यावी, एवढंच मागणं होतं. मी कामात असले की त्याच हाकेवर कितीदा वैतागले असेन. आता घर कसं खायला उठत होतं.

आमचं मराठी भजनी मंडळ दर गुरुवारी संध्याकाळी कम्युनिटी सेंटरच्या वरच्या हॉलमध्ये जमतं. पूर्वी तिथे ध्रुवपद उचलून धरावं ते यांनीच, म्हणून मी आशेनं नेत राहिले. हे नुसते बसून राहायचे. घरी आल्यावर मी त्यांना देव्हाऱ्यापुढे बसवायची आणि 'म्हणा ना, नुसतं दत्त म्हणा' म्हणून मागे लागायची. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी माझा हट्ट सुटत नसे.

त्या दिवशी रागाच्या भरात मंडळाच्या ग्रुपवरचा मेसेज वाचलाच नव्हता. नेहमीप्रमाणे हॉलच्या दाराशी माझे बूट काढले, मग यांचे काढले. उजवा पाय जड झाल्यामुळे त्याला बराच वेळ लागतो. यांना दाराजवळच्या, भिंतीलगतच्या खुर्चीत टेकवलं, प्रसादाच्या शिऱ्याचा डबा सावरला आणि मान वर केली, तर सतरंजी नाही, पेटी नाही, तबला नाही. खुर्च्यांच्या रांगा, माइक, आणि पुढे डोक्याला रंगीत कापडं बांधलेल्या आफ्रिकन बायका. भजन खालच्या खोलीत हलवलं होतं आणि इथे आफ्रिकन लेखिकांचं कवितावाचन होतं. मी मोज्यांवर उभी, हातात शिरा. काय शोभा झाली असेल! यांना उठवायला गेले तर यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. पुन्हा बूट चढवायचे या विचारानं मलाही नको झालं. म्हटलं, बसू जरा.

झिम्बाब्वेहून आलेल्या एका नर्सनं कविता वाचली. स्वतःची आई गावी ठेवून ती इथे परक्यांच्या आयांना भरवते, असं काहीसं. ऐकता ऐकता माझा राग कुठे गेला कळलं नाही. मग केनियाच्या किनाऱ्याकडची मरियमू उभी राहिली, साधारण माझ्याच वयाची.

"आमच्याकडे म्हातारी माणसं गोष्टीआधी हाक घालतात," ती म्हणाली. "मी 'पाऊक्वा' म्हटलं की तुम्ही 'पाकावा' म्हणायचं. तुमचा आवाज आला नाही तर माझी कविताही यायची नाही."

पहिल्यांदा लोक लाजत पुटपुटले. "लेस्टर जेवून झोपलंय वाटतं," म्हणत तिनं पुन्हा हाक दिली. या वेळी बरा आवाज झाला, आणि तो विरल्यावर मागाहून एक जाड, गंजलेला आवाज आला, "पाकावा."

मला वाटलं, मागचे कुणी गृहस्थ. वळून पाहिलं तर मागे भिंत. हे समोर बघत होते, ओठ अजून उघडेच होते.

मरियमूला बिचारीला काय ठाऊक! तिनं यांच्याकडे बघून मान लववली. "थँक यू, बाबा. आता सुरू करते." समुद्रावर गेलेल्या नवऱ्याला किनाऱ्यावरून हाका मारणाऱ्या बाईची ती कविता होती. मधूनमधून तीच हाक यायची आणि दर वेळी हे उत्तर द्यायचे, भजनात उचलायचे तसंच, किंचित मागून. पदर नव्हता, मी कोटाच्या बाहीनंच डोळे पुसत राहिले. नंतर तिला सगळं सांगितलं, तेव्हा तिनं यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. शिरा तिथेच वाटला. "वेलची घातलीयस ना? आमच्याकडेही घालतात," ती म्हणाली.

यांची स्पीच थेरपिस्ट नंतर म्हणाली, लयीतले शब्द कधी कधी असे येतात. येत असतील. मी वाद घालत नाही. मला एवढंच उमगलं की देवानं यावं कसं, कुठल्या दारानं, कुठल्या भाषेत, हे सगळं मीच ठरवून बसले होते. त्याला माझ्या हट्टातून वाट सापडत नव्हती.

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावला आणि यांना काहीही म्हणायला सांगितलं नाही. नुसती हाक दिली, "पाऊक्वा." उत्तर आलं. दत्तगुरूंनीही ऐकलं असेल. तेव्हापासून आमच्या घरी सांजवात अशीच होते.

परवा मी स्वयंपाकघरात फोडणी करत होते. बाहेरच्या खोलीतून अडखळत, तुटत आवाज आला, "अ... अगं."

गॅस बंद केला. हात जोडले. मग मी नेहमीसारखं म्हणाले, "आले हं."