एकवीस नंबरचा ठोकळा

दिनकर मिस्त्री गेले हे मला एका फ्लेक्सवरून कळलं. आमच्या चौकात, वाढदिवसाच्या दोन फ्लेक्सच्या मधोमध, 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं लिहून खाली प्रशिक्षण केंद्राचं नाव होतं, आणि हात जोडलेल्या संचालकांचे फोटो मिस्त्रींच्या फोटोपेक्षा मोठे होते. ज्या केंद्रानं या माणसाला दोन वर्षांपूर्वी एका दिवसात घरी बसवलं, त्याच केंद्राला त्याच्या जाण्याचं एवढं दुःख कशामुळं झालं, हा पहिला प्रश्न माझ्या डोक्यात आला. रडू नंतर यायला हवं होतं. त्या दिवशी आलंच नाही. मी फोटो निरखत उभी राहिले. प्रमाणपत्र वाटपाच्या कार्यक्रमातला होता तो. मिस्त्री कुणाला तरी प्रमाणपत्र देतायत, घेणारी व्यक्ती कापून टाकलीय, कडेला फक्त एक हात उरलाय, मनगटात काळा दोरा. तो हात माझा आहे.

दहावीला गणितात गेले आणि शाळा सुटली. घरात स्थळांच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. अशात एक बाई गल्लीत दारोदार फिरत आल्या. शाळा सोडलेल्या पोरांना फुकट शिक्षण, वर टी-शर्ट आणि बॅग. मुली जास्त हव्यात, असं त्या आईला दोनदा म्हणाल्या. कशाला हव्यात हे कुणी विचारलं नाही. सरकारी अनुदानासाठी यादीत मुलींचा आकडा दाखवावा लागतो, हे मला फार उशिरा समजलं. मी बॅगेसाठी गेले. एका भाड्याच्या हॉलमध्ये फिटरचा वर्ग, लोखंड आवळून धरायचे चार व्हाइस, आणि पूर्वेच्या खिडकीपाशी उभा एक वाळका म्हातारा. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म काढलेला. त्यांनी माझे तळवे उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाले, "पावणं म्हणून आलीयास का ऱ्हायाला आलीयास?" बाकीची पोरं हसली. मला राग आला. त्या रागानं मी सहा महिने टिकले.

मिस्त्रींचा कुणावर विश्वास नव्हता. पोरांवर नाही, साहेबांवर नाही, स्वतःच्या डोळ्यांवर तर बिलकुल नाही. त्यांचा विश्वास होता गुण्यावर. काटकोन तपासायची ती पट्टी शर्टाच्या खिशात पेनासारखी खोचलेली असायची. पहिल्या दिवशी प्रत्येकाला लोखंडाचा एक ठोकळा मिळाला, त्यावर पंचनं नंबर ठोकलेला. माझा एकवीस. कानस मारून त्याच्या सहाही बाजू काटकोनात आणायच्या, बस्स. सोपं वाटतं ना? ठोकळ्याला गुण्या लावायचा, दोन्ही खिडकीसमोर धरायचं आणि मधून उजेड दिसतो का बघायचं. केसाएवढा उजेड दिसला तरी जॉब, म्हणजे तो ठोकळा, परत. ज्याचा पास होई, तो ठोकळा घरी न्यायचा. बाकीचे खिडकीच्या कट्ट्यावर. मिस्त्रींना उजेडाला धरून बघायची इतकी सवय लागली होती की चहाचा ग्लासही तसाच बघायचे, आणि एकदा माझ्या डब्यातली भाकरी धरून म्हणाले, आईचा हात सरळ हाय, तुझाच कुठनं वाकडा निघाला.

बॅच चाळीस जणांची होती. कानस मारायला आम्ही पंधराएक जण. बाकीचे कोण, कुठले, कधी दिसले नाहीत. तपासणीला साहेब येणार होते त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटर क्लासची पोरं खाली आणली, त्यांना आमचे टी-शर्ट घातले आणि व्हाइसभोवती उभं केलं. एकानं कानस उलटी धरली होती. साहेबांनी फोटो काढले, बिस्किटं खाल्ली. मिस्त्री भिंतीकडं तोंड करून एक ठोकळा घासत राहिले, तोही सकाळीच पास झालेला. तेव्हा मला वाटलं, त्यांना लाज वाटतेय. पुढं वाटलं, ते न बघितल्याचं नाटक होतं. आज... आजही मी ठाम सांगू शकत नाही.

शेवटच्या आठवड्यात माझा ठोकळा तिसऱ्यांदा परत आला. पाच बाजू झाल्या होत्या, सहावीच्या कोपऱ्यात उजेड होता. "सोमवारी ये, एवढं उरक," मिस्त्री म्हणाले. सोमवारी मी गेले नाही. मावसबहिणीचं लग्न होतं, मग कंटाळा होता, मग काही नव्हतं. आणि पंधरा दिवसांनी केंद्रातून फोन आला, कार्यक्रमाला या, साडी नेसून या. माझं नाव पुकारलं, मिस्त्रींनी प्रमाणपत्र पुढं केलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. फोटोग्राफर म्हणाला, इकडं बघा. त्याच्याकडं बघितलं.

दोन वर्षांनी मी शिक्षणाच्या प्रश्नावर काम करणाऱ्या एका संघटनेत होते. पत्रकं लिहायची, वाटायची, दारं वाजवायची. शाळा सुटलेल्या पोरांच्या नावावर कोण जगतंय हे शोधताना त्याच बॅचची उत्तीर्णांची यादी हाती लागली. चाळीस नावं, आणि खाली दिनकर मिस्त्रींची सही. मी तडक त्यांच्या घरी गेले. ते मागच्या पडवीत बसले होते. यादी पुढं टाकली. त्यांनी ती उचलून, सवयीनं, उजेडाला धरली.

"सही माझीच हाय," ते म्हणाले.

"चाळीसात पंचवीस खोटे आहेत, मिस्त्री."

"व्हय. आन् पंधरा खरी. एक नाव गाळलं असतं तर सगळी बॅच रद्द झाली असती. सा महिनं कानस मारल्याली पोरं, त्यांनी कुठं जायाचं? तुमच्यातला गडहिंग्लजचा पोरगा आज लेथवर हाय की." मग यादी माझ्या हातात परत देत म्हणाले, "तू लिव. मी काय अडवत न्हाय."

मी लिहिलं. 'सही विकणारा मिस्त्री' असा मथळा दिला. त्यांनी सहीबद्दल काही घेतलं होतं असा एक पुरावा माझ्याकडं नव्हता, पण मथळा चांगला दिसत होता. पत्रक गाजलं. केंद्रानं चौकशी केली म्हणे, आणि दोषी म्हणून मिस्त्रींना काढलं. संचालक तेच राहिले. त्यांनी शेजारच्या तालुक्यात दुसरं केंद्र उघडलं. मला वाटलं होतं मी भिंत पाडतेय. पाडला होता खिडकीपाशी उभा असलेला माणूस.

त्यानंतर ते मला एकदाच भेटले, एसटी स्टँडवर. मी तोंड चुकवणार तेवढ्यात जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "पोरी, तुझा जॉब ऱ्हायलाय. येऊन जा." मी त्याचा सरळ अर्थ लावला, धमकी आहे. त्या खोट्या नावांत तूही आहेस, बोलू का चारचौघांत, असं म्हातारा सुचवतोय. मी गाडीत जाऊन बसले. पुढं त्यांची गल्लीही टाळली. दुसऱ्याची यादी उघडी करणाऱ्या माझ्या फाईलमध्ये माझं प्रमाणपत्र सगळ्यात खाली होतं... उजेडाला कधी धरलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात धाडस करून मिस्त्रींच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, ओळखलं. पत्रकाचं नाव काढलं नाही, नुसतं म्हणाल्या, "उशिरा आलीस बाळ." पडवीत व्हाइस तसाच आहे. केंद्रातून काढल्यावर मिस्त्रींनी कट्ट्यावरचे सगळ्या बॅचचे नापास ठोकळे पोत्यात भरून घरी आणले होते. खिडकीत ओळीनं मांडलेले. एकवीस नंबरचा उचलला. चार वर्षांचं लोखंड, त्यावर गंजाचा ठिपका नव्हता. काकू म्हणाल्या, दर अमावस्येला अवजारं पुसून तेल लावायचे, तेव्हा हे पण पुसायचे. माझ्यातला संशय तेव्हाही गप्प बसला नाही. माझ्याविरुद्धचा पुरावा जपून ठेवला होता का? असेल. पुरावाच आहे तो. पण पुरावा दाखवायचा असता तर ते कुणाकडंही गेले असते. ते माझ्याकडं आले, आणि म्हणाले येऊन जा.

त्यांनी पंचवीस खोट्या नावांवर सही केली, ते चूकच होतं, आणि ते मी आजही छापून म्हणेन. त्यांना विकला गेलेला म्हणणं माझं खोटं होतं, तेही छापून म्हणते. पंधरा आणि पंचवीस हा हिशोबही माझा बरोबर नव्हता. मी मोजताना स्वतःला पंधरात धरलं होतं. खरे चौदाच होते. या लेखावर माझं नाव येईल, तेच त्या यादीत एकविसाव्या जागी आहे.

काकू चहा ठेवायला आत गेल्या. मी ठोकळा व्हाइसमध्ये आवळला, कानस घेतली. हात विसरले नव्हते, पण वाकडेच होते. थोड्या वेळानं खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून गुण्या काढला, सहाव्या बाजूला लावला आणि खिडकीसमोर धरला. काकू चहाचा कप घेऊन दारात थांबल्या होत्या. "झालं का गं?" त्यांनी विचारलं.

कोपऱ्यात अजून उजेड होता. केसाएवढा.

"नाही," मी म्हटलं, आणि परत कानस उचलली.