शंकररावांना दहापैकी तीन

माझे वडील दोन वर्षं न पाहिलेल्या चित्रांना मार्क देत होते आणि मी ते वाढवत होतो. यात कोणाचं काही बिघडतंय असं मला परवापरवापर्यंत वाटलं नव्हतं.

अण्णा मुरबाडला प्राथमिक शिक्षक होते. आमच्या लहानपणी पेपर कल्याणहून एसटीने यायचा. अण्णा तो स्टँडवरून आणायचे आणि दारात उभ्याउभ्याच मागचं पान उघडायचे. तिथे ‘शंकरराव सटरफटर’ ही तीन चौकटींची चित्रमालिका असायची. ती वाचून झाली की खिशातली लाल पेन्सिल निघायची आणि समासात मार्क पडायचे. ‘५. विनोद बरा. खुर्चीला तीनच पाय.’ ‘४. मागच्या महिन्यातला विनोद परत.’ मग आई ती पट्टी कापून जुन्या हजेरीपटात भाताच्या शितांनी चिकटवायची. आम्ही भावंडं अण्णांच्या कोपराशी दाटी करून उभी. सातच्या वर मार्क कधी गेले नाहीत, पण सात पडले की अण्णा दिवसभर मधूनच हसायचे आणि आमचे पाढे चुकले तरी खपायचं. ते हजेरीपट अजून माळ्यावर आहेत. उघडले की मला गलबलून येतं (आणि शिंकाही येतात).

आता मी शहापूरला राहतो, नोकरी भातसानगरला. मधल्या काळात मालिकेचे जुने चित्रकार थकले, त्यांच्या जागी एक नवी मुलगी आली, आणि पेपरवाल्यांनी शंकररावांना कागदावरून उचलून फक्त वेबसाइटवर नेऊन ठेवलं. अण्णांकडे बटणांचा फोन. त्या दिवशी फोनवर त्यांचा आवाज असा होता की मला वाटलं, घरात कोणाचं तरी बरंवाईट झालं.

“शंकरराव बंद झाले रे.”

“बंद नाही झाले अण्णा, ऑनलाइन गेले.”

“मग तू बघ आणि मला सांग. मार्क मी देतो, तू खाली लिही.”

झालं! रोज सकाळी सात वाजता मी फोनवर चित्र सांगू लागलो. हे काम वाटतं तितकं सोपं नाही.

“पहिल्या चौकटीत शंकरराव दारात उभे आहेत.”

“उंबऱ्याच्या आत का बाहेर?”

“कळत नाही. पायाशी मांजर आहे.”

“मांजर कशाला?”

“असेल घरातलं. दुसऱ्या चौकटीत बायको काहीतरी बोलते.”

“काय बोलते?”

“थांबा, माझी बस आली.” (भातसानगरची बस चुकली की पुढची कधी, ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं.) “तिसऱ्या चौकटीत शंकरराव पडले. संपलं.”

“यात विनोद काय?”

“पडले ना.”

“तीन. लिही. मांजर अनावश्यक, शेवट घाईचा. पुन्हा काढून आणा.”

‘गुरुजी, मुरबाड’ या नावाने मी ते वेबसाइटवर चित्राखाली जसंच्या तसं लिहिलं. दुपारपर्यंत पन्नासेक माणसं अण्णांवर तुटून पडली होती. एकाने लिहिलं, ‘गुरुजी, आधी एक मांजर काढून दाखवा.’ अख्ख्या तालुक्यात ज्यांना कोणी उलट बोललं नाही, त्या माझ्या अण्णांना हे! मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी अण्णांनी तीन दिले, मी आठ लिहिले. ‘८. छान. अशीच प्रगती राहो.’ त्यावर भराभर बदाम पडले. मग मला सवयच लागली.

“आज आहे का मांजर?” अण्णा विचारायचे.

“आहे.”

“म्हणजे ऐकत नाही ती. अडीच.”

मी आठ लिहायचो. दोन वर्षं!

मागच्या महिन्यात त्या चित्रकार मुलीचा ‘गुरुजीं’ना निरोप आला. ‘मालिका सोडून द्यायचं किती वेळा मनात आलं. तुमचा शेरा वाचला की पुन्हा बसायचे. रविवारी मुरबाडला येऊन पाया पडायचं आहे.’ मी घाईघाईने कळवलं, गुरुजी परगावी आहेत. ती म्हणाली, पुढच्या रविवारी येते. मी कळवलं, गुरुजींचं मौन आहे. ती म्हणाली, मी बोलणार नाही, नुसती बसेन. तिसऱ्या रविवारी तिने सबब विचारलीच नाही. ‘कल्याणहून जीपमध्ये बसलेय. ड्रायव्हर गुरुजींचा विद्यार्थी आहे, दारापर्यंत सोडतो म्हणाला.’

मी मोटारसायकल अशी हाणली की शहापूर ते मुरबाड एकही खड्डा चुकवला नाही. तरी पोचलो तेव्हा ती ओटीवर चहा पीत होती.

“ये रे,” आई म्हणाली. “ही बाय सांगते, अण्णांनी तिला रोज आठ मार्क दिले. तुला तरी कधी दिले नाय.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. “आठ कोणी दिले?”

हा आवाज वर्गातला होता. मी बावन्न वर्षांचा माणूस, नुकताच टेकलेला, उठून उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं.

मुलीने कप खाली ठेवला. “मग खरे किती होते?”

“तीन,” मी म्हणालो. “कधी अडीच.”

तिचा चेहरा एवढासा झाला. त्या आठांच्या जोरावर तिने दोन वर्षं काढली होती, आणि ते आठ तिला भातसानगरच्या बसस्टॉपवरून एका घाबरट माणसाने दिले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने गुरुजींना भेट म्हणून मूळ चित्रांचा गठ्ठा आणला होता, तो ती गुपचूप पिशवीत परत घालू लागली.

“थांब बाळ,” अण्णा म्हणाले. “माझा चष्मा दे गो,” असं आईला सांगून त्यांनी गठ्ठा हातात घेतला. पहिलंच चित्र मांजराचं निघालं. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते. लहानपणी मी कोपराशी उभा राहून ऐकायचो ते हसू, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“अरे, मांजर चपलेवर झोपलंय. बायको म्हणते, त्याला उठवायचं नाही. म्हणून हा लंगडी घालत ऑफिसला निघालाय आणि पडलाय. सगळा विनोद मांजरात आहे! तू मला काय सांगितलंस?”

“पायाशी आहे म्हणून.”

“आणि बायकोचं बोलणं?”

“बस आली होती, अण्णा.”

अण्णांनी लाल पेन्सिल मागवली आणि संध्याकाळपर्यंत एकेक चित्र तपासलं. सहा, सात, सहा, सात, सात. ती मुलगी शेजारी बसून रडत होती आणि हसतही होती. आईने तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

“ते तीन मार्क हिच्या चित्राचे नव्हते,” अण्णा मला म्हणाले. “तुझ्या सांगण्याचे होते. तेसुद्धा वडील म्हणून दिले.”

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला. आता ते स्वतः बघतात, स्वतः लिहितात, आणि कोणी उलट बोललं तर त्याच्या शुद्धलेखनाला मार्क देतात.

मालिकेत परवा शंकररावांच्या शेजारी एक नवीन माणूस आला. टक्कल, पोट सुटलेलं, एका हातात फोन, बसमागे धावतोय आणि फोनवर ओरडतोय, “चित्रात विशेष काही नाही हो!” मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, कोण ओळखतंय. खाली पाहिलं तर पहिलाच शेरा गुरुजींचा. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सातची मर्यादा ओलांडली होती.

‘९. हुबेहूब.’