लँडिंग लाइटचा दंड
कॉम्प्युटर तापून धुळीचा वास आला की परळच्या खोलीतली ती दुपार आठवते. विमान उडवण्याच्या गेमसाठी मी घरातल्या दिव्यांची असतात तशीच बटणं टेबलावर बसवली होती. तरी विमान उतरवताना दर वेळी स्क्रीनवर लाल ओळ यायची : लँडिंग लाइट बंद, गुण वजा. आठवडाभर मी वायरी बदलत राहिलो. त्या दिवशी हेडफोन काढला होता, म्हणून मागे पावलं ऐकू आली. हल्ली सगळं विसरणाऱ्या बाबांनी हात लांबवून लँडिंग लाइटचं बटण बंद केलं. "दिवसाढवळ्या दिवे कित्याक जाळतंस?" मी हसलो. ते आतल्या खोलीत गेले, तिथेही एक बटण खट्कन वाजलं, आणि आईच्या ऑक्सिजन मशीनची घरघर थांबली. मी धावलो, वेळेत पोचलो. अजूनही लाल ओळ दिसली की विमान तसंच सोडून मी आत धावतो. आत आता कुणीच नसतं.