दसऱ्याची विकतची पोळी

आमचे बाबा जेवायला बसले की आई धास्तावायची. मारकुटे नव्हते ते, आवाजसुद्धा चढवायचे नाहीत. पण नावं ठेवायचे. भाजीला, आमटीला, भाताला, अगदी पापडाला. पापडाला काय नावं ठेवणार माणूस? आमचे बाबा ठेवायचे. "एका बाजूनं लाल, एका बाजूनं पांढरा. भाजताना लक्ष कुठे होतं?"

आता खरं सांगायचं तर तो त्यांचा धंदाच होता. मिलमध्ये ते घडी खात्यात होते. विणून, धुऊन, रंगवून झालेलं कापड शेवटी तिथे यायचं आणि त्याची घडी पडायच्या आधी बाबा ते टेबलावरून हातहात ओढत तपासायचे. कुठे तुटका धागा, कुठे तेलाचा डाग, कुठे रंग फिका. सापडलं की लाल खडूची खूण. खुणा फार झाल्या की अख्खं ठाण 'सेकंड', म्हणजे हलक्या मालात. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं. चांगल्या कापडाला काही म्हणायचं नसतं, ते मुकाट पुढे जातं, असं त्यांचं म्हणणं. घरीही तोच कायदा. चांगल्या जेवणावर अवाक्षर नाही आणि जरा कुठे चुकलं की, "आज आमटी सेकंड निघाली."

आई धुसफुसायची. "लग्नाला इतकी वर्षं झाली, एकदा तरी 'छान' म्हणा की हो! जीभ झडणार आहे का?"

"खातोय ना," बाबा म्हणायचे.

पण आईचा हात त्या नावं ठेवण्यानंच तयार झाला होता, हे तिलाही ठाऊक होतं. परदेशीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत तिच्या पुरणपोळीला तोड नव्हती. शेजारच्या मालवी काकू शिकायला यायच्या, "भाभीजी, हमारी तो फट जाती है." आई फुशारून सांगायची, "हमारे यहाँ चलता नहीं ना ऐसा-वैसा. ह्यांना लग्गेच कळतं."

मग मिल बंद झाली. एकदम नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग एक दिवस गेटला कुलूप आणि कुलपाशेजारी कागद. भोंगा थांबला. बाकी शहरात मात्र बहार होती. राजवाड्याच्या बाजारात दर आठवड्याला नवं दुकान, नव्या रंगाची पाकिटं, घरोघरी केबल. सगळं म्हणून सगळं बाजारात मिळायला लागलं होतं, बाबांच्या वयाच्या माणसाला नोकरी तेवढी सोडून. मिलमधल्या कुणी ऑटो घेतली, कुणी पोह्यांचा ठेला लावला. बाबा सांवेर रोडला एका कारखान्यात विचारायला गेले. तिथल्या पोरसवदा मॅनेजरनं विचारलं, "क्या काम आता है?" बाबा म्हणाले, "गलती पकड़ता हूँ." तो हसला म्हणे. "वो तो अब मशीन पकड़ लेती है, अंकल."

हे बाबांनी आम्हाला एकदाच सांगितलं. त्यानंतर ते दाराजवळच्या खुर्चीत बसायला लागले आणि त्यांनी नावं ठेवणं सोडलं.

पहिल्यांदा मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? मी तेव्हा भंवरकुआंला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात लागले होते. दिवसभर पोरांची झिकझिक ऐकून घरी आल्यावर ताटावरची कटकट नको व्हायची. म्हटलं, चला, शांतता झाली. घरात मी एकटीच कमावती, एकटीच लेक, डोक्यात थोडी हवाही गेली होती माझ्या.

आषाढात एक दिवस आई आमटीत मीठ घालायला विसरली. बाबा आधी जेवले, नेहमीसारखे. भात-आमटी संपवली, हात धुतले, खुर्चीत जाऊन बसले. मग आम्ही दोघी बसलो आणि मी पहिल्याच घासाला ओरडले, "आई, ठार अळणी आहे!" आईनं चाखून बघितलं. तिचा घास हातातच राहिला. मिठाला नव्हे, बाबांच्या गप्प राहण्याला ती घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी बघते तर आई मीठ घालायच्या आधीच बाबांची वाटी बाजूला काढतेय.

"हे काय?"

"गप्प बस. बघू किती दिवस बोलत नाहीत ते."

बाबा बोलले नाहीत. मग ती हट्टालाच पेटली. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा तरी बाबांची आमटी अळणी. कधी त्यांच्या वाटणीची पोळी जळकी, कधी भात मुद्दाम कच्चट. ते सगळं खायचे. मी चिडले. "अगं, नवरा आहे का उंदीर, प्रयोग कसले करतेस?"

आईनं माझा हात धरला. "मला त्यांचं बोलणं पाहिजे गं. शिव्या घातल्या तरी चालतील. हा असा मुका माणूस मला बघवत नाही." आणि ती रडली. मग मीही त्या कटात सामील झाले. माझ्या वाटीत मीठ असायचं, मी मुकाट जेवायचे.

दसरा आला. राजवाड्याच्या मागच्या बोळात एका नव्या दुकानानं सणाचं तयार जेवण डब्यात घालून विकायला सुरुवात केली होती. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, भजी, कोशिंबीर, सगळं. फक्त गरम करा आणि बसा. ऑफिसातल्या मुली कौतुक करत होत्या. मी घरी सहज सांगितलं आणि आई हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली.

"विकतची पुरणपोळी? दसऱ्याला?"

"हो, लोक घेतात आता."

"आण," ती म्हणाली. "आपण घेऊ."

"बाबा ताटावरून उठतील."

"उठू देत! भांडं आपटू देत. मी म्हणते, आपटूच देत."

ती किती दिवसांत अशी तरतरीत बोलली नव्हती. दसऱ्याच्या दिवशी सकाळी मी दुकानापुढच्या गर्दीत उभी राहिले. दुकानवाला मोठा गोड. "दीदी, बस गरम करना है. मम्मी को बोलना, आज आराम करें." झेंडूच्या हारांनी भरलेल्या सवारी टेम्पोत डबा मांडीवर घेऊन मी घरी आले.

आईनं देवापुरता मूठभर रव्याचा शिरा केला होता. "देवाला विकतचं नको. त्यानं काय घोडं मारलंय आपलं?" नैवेद्य झाला आणि मग स्वयंपाकघराचं दार लोटून आम्ही डबा उघडला.

आईनं एक पोळी उचलली आणि तिचा चेहरा खुलला. "अगं बाई! हे बघ, काठाला पुरण नाहीच. मध्ये सगळा गोळा." तुकडा तोंडात टाकला. "तुरीची डाळ! हरभऱ्याची नाहीच मुळी. आणि जायफळ किती ओतलंय मेल्यानं." आमटी थर्मोकोलच्या वाटीत पातळ पाण्यासारखी, वर तेल तरंगतंय. भजी लुळी पडलेली. एकेक वस्तू चाखून आई तिला नाव ठेवत होती, अगदी बाबांच्या शब्दांत, आणि हसत होती. "सेकंड! सगळं सेकंड!" इतकी खूश मी तिला मिल बंद पडल्यापासून बघितली नव्हती. "आता नाही राहवणार त्यांना," ती म्हणाली. "माझी खातरी आहे."

तिनं रांगोळी काढली, पाट मांडला. बाबा बसले. तिनं पोळी वाढली, वर तूप घातलं आणि तुपाची वाटी हातात धरून समोरच उभी राहिली. मी दाराशी.

बाबांनी तुकडा मोडला, खाल्ला. दुसरा मोडला. आमटी प्यायले. भज्याचाही एक घास घेतला. अर्धी पोळी संपली.

"कशी झालीय पोळी?" आईनं विचारलं.

"छान झालीय," बाबा म्हणाले.

आईनं डोळे मिटून घेतले. आणि माझं टाळकं सरकलं. मला बाबांचा राग आला, आईची कीव आली, काय काय झालं कोण जाणे. मी ओरडले, "बाबा, विकतची आहे ती! दुकानातून आणलीय! आईची पोळी आणि ही, फरकसुद्धा कळत नाही तुम्हाला?"

बाबांनी वर बघितलं. रागावून नाही.

"कळतं की. तुरीची डाळ आहे. काठ कोरडे आहेत. वेलची नावाला आणि जायफळ दुप्पट. पहिल्या घासालाच कळलं."

"मग बोलत का नाही हो?" आई जवळजवळ किंचाळली. "ताट सरकवा! काहीतरी म्हणा ना मला!"

"बसून खाणाऱ्यानं नावं ठेवू नयेत," बाबा म्हणाले.

मग आईची समजूत काढावी तसं ते सावकाश सांगू लागले. "आषाढापासून माझ्या आमटीत मीठ नसतं. पहिल्या दिवशी वाटलं, विसरलीस. पण पुढे ही ओरडली नाही, म्हणजे हिच्या वाटीत असणार, कारण ही पोरगी अळणी खाऊन गप्प बसणारी नाही. तेव्हा मला कळलं. आता कमावणाऱ्याचं वेगळं आणि माझं वेगळं. जळकी पोळी माझ्याच पानात यायची. ठीकच आहे ते. मी काही म्हटलं का कधी? आज दसरा, म्हणून विकतचं का होईना, गोड वाढलंस. छानच म्हणायला पाहिजे."

आईच्या हातातली तुपाची वाटी कलली आणि तूप फरशीवर सांडलं. ती तिथेच, त्यांच्या पानासमोर खाली बसली. "अहो, नाही हो," एवढंच ती म्हणत राहिली. "अहो, असं नाही हो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिने मी मिठाची आमटी भुरकत त्यांच्यासमोर बसले होते, आणि ते बघत होते.

मग आईनं सगळं सांगितलं. रडत, हुंदके देत, कधी हात जोडत. मीठ का काढलं, पोळी का जाळली, आजचा डबा कशासाठी आणला. तुम्ही बोलावं म्हणून हो, फक्त तुम्ही बोलावं म्हणून. बाबा ऐकत होते. त्यांना ते कितपत पटलं, मला आजही सांगता येणार नाही. ते दर वाक्याला "बरं, बरं" म्हणत होते. आईनं त्यांचं ताट ओढून घ्यायला हात पुढे केला, "उठा, मी आत्ता डाळ शिजत घालते, तासाभरात करते." त्यांनी ताट धरून ठेवलं आणि उरलेली अर्धी पोळी संपवली. अन्न टाकू नये म्हणाले.

हात धुवायला उठताना ते जरा थांबले. ज्या माणसानं सव्वीस वर्षं या घरात प्रत्येक घासाचा हिशोब मागितला होता, तो एखाद्या पाहुण्यासारखा संकोचून, खाली बघत आईला म्हणाला,

"मग उद्यापासून माझ्या वाटीत मीठ घालशील?"